कोसबाडच्या अंगणापासून विरारच्या लोकलपर्यंत

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा काय शिकवायचं हा प्रश्न नंतरचा होता. आधी मुलंच येत नव्हती. म्हणून बालवाडीच वस्तीत गेली आणि कुणाच्या तरी अंगणात बसली. नखं काढणं, डोकी विंचरणं, हातपाय धुणं हा तिथला पहिला धडा, आणि त्याच्या जोडीला गाणी, गोष्टी, नकला. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, खडे, बिया, पानं यांवर भागलं. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा ताराबाईंच्या कल्पनेतली अंगणवाडी देशभर पोचली. लसीकरण, पूरक आहार आणि कुपोषणाची नोंद यांचा आज ती कणा आहे, आणि तिचं मूळ आजच्या पालघर जिल्ह्यात आहे.

योजनेबरोबर वजनकाटा गेला, रजिस्टर गेलं, खाऊही गेला. गाणं मात्र हळूहळू ‘उपक्रम’ नावाच्या रकान्यात जाऊन बसलं. कलेच्या मदतीने लोकांचं आरोग्य आणि समाजाची रीत बदलू पाहणाऱ्या कामांचा हा संग्रह वाचकांच्या हाती देताना मनात आहे तो हाच रकाना. कोसबाडला अंघोळ आणि गाणं ही दोन खाती नव्हती. आपण ती दोन केली, एक डॉक्टरांकडे दिलं, दुसरं सांस्कृतिक कार्यक्रमाच्या समितीकडे, आणि मग ती जोडायला प्रकल्प काढू लागलो.

या क्षेत्राशी पहिल्यांदाच ओळख होत असलेल्या वाचकाने आधी एक ध्यानात घ्यावं: महाराष्ट्राला हे बाहेरून शिकावं लागलेलं नाही. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं ते १८५५ साली. शेतकरी दांपत्याला भटजी कसा नाडतो हे सांगायला त्यांनी निबंधाऐवजी नाटक निवडलं. सत्यशोधकांनी पुढे तमाशाचा साचा उचलला, त्यातला गण, वग, सोंगाड्या हे सगळं ठेवलं आणि मजकूर बदलला. सावकार, भटशाही, दारू, मुलींचं शिक्षण हे विषय फडावर आले. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तेव्हा पाणवठ्याचा हक्क हा ढोलकीवर म्हणायचा विषय झाला. पाणवठा हा आरोग्याचाही प्रश्न आहे हे वेगळं सांगायला नको.

गाडगेबाबांवर मात्र जरा थांबायला हवं, कारण या पुस्तकातल्या निम्म्याहून अधिक लेखकांनी कुठे ना कुठे त्यांचं नाव घेतलं आहे. बाबा गावात येत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर झाडणं, गटारं काढणं, आणि रात्री कीर्तन. कीर्तनात निरूपण फारसं नसे, प्रश्न असत. देव कुठे राहतो, कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत घातलं का. श्रोत्यांना उत्तर द्यावंच लागे, आणि दिलेलं उत्तर पुढच्या प्रश्नात अडके. त्यांच्या नावाने पुढे २०००-०१ पासून राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियान चालवलं आणि गावोगावी त्याच्या स्पर्धा लागल्या. स्पर्धेत बक्षीस होतं, झाडू होता, तपासणी समिती होती; ते उलटे प्रश्न विचारणारं कीर्तन तेवढं सोडून दिलं गेलं. सरकारी यंत्रणेला ते पेललंही नसतं म्हणा.

१९४०च्या दशकात इप्टा ही जननाट्य संघटना मुंबईत जन्माला आली आणि १९४४ च्या सुमारास अमर शेख, अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात गाजू लागलं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने दुसऱ्या वाटेने तेच केलं. याच काळात, १९४५ मध्ये, तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. या परंपरेचा इतिहास बऱ्याच जणांनी लिहिला आहे, म्हणून इथे त्याची उजळणी करत नाही. एवढंच म्हणतो की या सगळ्या मंडळींना ‘आरोग्य’ हा शब्द फारसा वापरावा लागला नाही, तरी उपासमार, खोल्यांची कोंदट वस्ती, बाळंतपणात मरणाऱ्या बायका हे त्यांच्या पोवाड्यांचं आणि वगांचं रोजचं साहित्य होतं.

स्वातंत्र्यानंतर ढोलकी सरकारच्याही हाती आली. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतींवर उमटला, कलापथकांना विषय लावून दिले गेले, लोकनाट्यातला सोंगाड्या पाळणा लांबवण्यावर कोट्या करू लागला. यातलं काही काम खरोखर चांगलं होतं. पण आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली आणि लोकांना कळलं की आज गाणं म्हणणारा माणूस उद्या गाडी घेऊन येऊ शकतो. आरोग्यसंदेशाच्या कलेवर त्या दोन वर्षांनी जो अविश्वास आणला, तो पुढेही वर्षानुवर्षं पुरला. नव्या कार्यकर्त्यांना हा इतिहास सहसा सांगितला जात नाही, सांगायला हवा.

त्या अविश्वासातून वाट काढली ती मुख्यतः बायकांनी. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली आलं. नेपथ्य जवळजवळ नाही, नट्या बहुतेक नोकरी-घर सांभाळणाऱ्या कार्यकर्त्या, आणि प्रयोग कुठेही: शाळेत, चौकात, देवळाच्या आवारात. प्रयोगांची संख्या हजारांत गेली. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. त्याचं श्रेय एका नाटकाला देणं भाबडेपणाचं होईल, ती लढाई डॉक्टर, वकील आणि संघटनांनी मिळून लढली. पण मुलगी नको असण्याची गोष्ट घरातून चव्हाट्यावर आणण्यात या नाटकाचा वाटा कुणी नाकारणार नाही. सांगलीला वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी सुषमा देशपांडे यांच्याबरोबर स्वतःच्या आयुष्यावरचं नाटक उभं केलं आणि स्वतःच त्यात उभ्या राहिल्या. एचआयव्हीच्या पोस्टरवर ज्यांचं चित्र ‘धोका’ म्हणून छापलं जाई, त्याच बोलू लागल्या. २० ऑगस्ट २०१३ ला नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठे यांच्यासोबत रिंगणनाट्याचा मार्ग धरला. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी वस्तीतल्या मुलांना घेऊन वंचितांचा रंगमंच उभारला, आणि ती मुलं आपली नाटकं आपणच रचू लागली.

बाहेरच्या जगात हाच प्रवास वेगवेगळ्या नावांनी झाला. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी शिक्षणाचा विचार मांडला आणि त्यावरून ऑगुस्तो बोआल यांनी शोषितांची रंगभूमी घडवली. त्यातलं फोरम नाट्य समजायला सोपं आहे. नाटक वाईट शेवटावर येऊन थांबतं, पुन्हा सुरुवातीपासून चालू होतं, आणि आता प्रेक्षकांतल्या कुणालाही ‘थांबा’ म्हणून पात्राची जागा घेता येते. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली उभी राहिलेली संजय गांगुलींची जनसंस्कृती ही संस्था हे करते आहे. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी दूरचित्रवाणी मालिकांतून साक्षरता आणि कुटुंबनियोजन पोचवलं. १९८४ साली दूरदर्शनवर आलेली ‘हम लोग’ त्याच धड्यावर बेतलेली, प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगत. तिसरी वाट उपचाराची: मनोविकार, व्यसन, दीर्घ आजार यांत संगीत, नृत्य, चित्र, नाट्य. आनंदवनात विकास आमटे यांनी उभं केलेलं ‘स्वरानंदवन’ हे कुष्ठमुक्त आणि अपंग कलाकारांचं पथक याच वाटेवरचं, जरी तिथे कुणी त्याला थेरपी म्हणत नसलं तरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यास तपासून कला आणि आरोग्य यांच्या नात्यावर अहवाल काढला, आणि मग अचानक निधी देणाऱ्यांना या विषयात रस वाटू लागला.

अभ्यासांचंच बोलायचं तर मला सर्वांत मोलाचं वाटतं ते झारखंड-ओडिशातल्या ‘एकजूट’ संस्थेचं काम. गावातल्या बायकांचे गट, महिन्याला एक बैठक, एकूण वीस बैठकींचं चक्र. बैठकीत भाषण नाही. चित्रांची कार्डं, खेळ, आणि गोष्टी: बाळ का दगावलं, ‘पण का?’, त्याच्याही मागे ‘पण का?’. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत या गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होता. यात मोठी कला कुठे आहे, असं नाट्यवाला विचारेल. आणि यात वैद्यक कुठे आहे, असं डॉक्टर. दोघांनाही उत्तर एकच: त्याच बायका पुन्हा पुन्हा जमल्या, आणि गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. मुंबईत ‘स्नेहा’ संस्थेने २०१५ साली भरवलेल्या धारावीच्या गल्ली-बिएनालेतही हेच दिसलं. तिथल्या बायकांनी घरातल्या मारहाणीचा नकाशा कापडावर शिवून काढला. कुठे, कुणी, कशाने, हे सर्वेक्षणाच्या फॉर्मवर न सांगणारी बाई सुई-दोऱ्याने सांगते, हे त्यातून कळलं.

आता आपल्या अंगणात येऊ. वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ ला झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे होती, आणि त्यानंतर इमारती वाढल्या त्या डोळ्यांसमोर आहेत. पण हे एक शहर नाही. किनाऱ्याला अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगावचे कोळीवाडे. त्यामागे सामवेदी, वाडवळ, कुपारी यांच्या केळी-फुलांच्या वाड्या, जिथे लग्नाची गाणी अजून कादोडी बोलीत म्हटली जातात. मधोमध लोकलच्या रुळांना लगटून वाढलेलं नालासोपारा-विरार, कोकणी, उत्तर भारतीय, गुजराती, गिरणगावातून उठून आलेले. आणि महामार्गापलीकडे तुंगारेश्वराच्या कुशीतले वारली-कातकरी पाडे. एकच पथनाट्य या चारही ठिकाणी नेलं तर निदान तीन ठिकाणी ते परकं ठरतं.

यातल्या वाड्यांच्या पट्ट्याला चळवळीची सवय आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, ललित लेखक होते, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि तेच हरित वसईच्या आंदोलनात पुढे होते. विहिरीतून टँकरने उपसलेलं पाणी, त्यानंतर मचूळ होणारी विहीर, बांधकामाखाली जाणारी वाडी हे त्या आंदोलनाचे प्रश्न. मासिक, चर्चचं अंगण आणि मोर्चा तिथे एकमेकांना धरून होते.

लोकलच्या पट्ट्यात तसं काही नाही, असं म्हणतात. हे मला पटत नाही. सकाळची विरार फास्ट पाहावी. पहाटे डबा भरून निघालेला माणूस रात्री नऊला परततो, त्याला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नसतं. पण डब्यातलं भजनी मंडळ ठाऊक असतं. टाळ असतात, नसले तर डब्याचा पत्रा आहेच. दसऱ्याला डबा सजतो, पूजा होते. ज्याला चर्चगेटपर्यंत डोळा लावायचा आहे त्याचं मंडळाविषयीचं मत निराळं असेल, तेही समजून घ्यायला हवं. तरी एक गोष्ट खरी: एखादा टाळकरी दोन दिवस दिसला नाही की फोन जातो. रक्तदाब, साखर, कर्ज, पोराचं व्यसन या गोष्टी घरी बोलल्या जात नाहीत त्या तिथे बोलल्या जातात. मानसिक आरोग्याच्या योजनांना असा गट मुद्दाम जमवायला किती खर्च येईल याचा हिशोब कुणीतरी मांडावा.

पाड्यांचं चित्र अधिक गुंतागुंतीचं. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाते तेव्हाच लग्न लागतं. आजार झाला की भगताकडे जायचं, तिथेही गाणं आणि दाणे. दुधी भोपळ्याचा तारपा वाजतो तो नुसत्या करमणुकीला नाही, पिकाशी आणि देवाशी त्याचं नातं आहे. जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रकला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मग ती सरकारी भिंतींवर आली. आता जिल्ह्यातल्या कितीतरी कार्यालयांच्या आणि शाळांच्या कुंपणावर त्रिकोणी माणसं हात धुताहेत, शौचालयात जाताहेत, बाळाला डोस पाजताहेत. रंगवणारा बहुधा ठेकेदाराचा पेंटर. पाड्यावरच्या बाईला त्यात आपलं काय दिसतं हे तिला कुणी विचारलेलं नसतं. आकार तिचे घेतले, बोलणं आपलं घातलं.

कुपोषणाच्या गाण्यांत हेच जास्त बोचतं. १९९०च्या दशकात जव्हार-मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, आणि तेव्हापासून ‘हिरव्या भाज्या खा’ हा संदेश शेकडो चालींत बांधला गेला. ज्या घराने उचल घेतली आहे आणि जे दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या वीटभट्टीवर जाऊन पावसाळ्यापर्यंत तिथेच राहणार आहे, त्या घरातल्या आईला हे गाणं ऐकवणं म्हणजे दोष तिच्या पदरात टाकणं. उसगावच्या विधायक संसदेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या, तेव्हा शाळा मुलांच्या मागे गेली. कोसबाडची कुरणशाळा गुरांमागे गेली होती, तशीच. आरोग्याची गाणी मात्र बहुतेक वेळा, लोक भट्टीवर असताना, रिकाम्या पाड्यात म्हटली जातात, कारण मार्च संपायच्या आत निधी खर्च करायचा असतो.

मार्चचा विषय निघालाच आहे तर ठेक्यावरच्या पथनाट्याबद्दल स्पष्ट बोलतो. प्रयोगागणिक दर ठरतो. सहा-सात मुलं एकाच रंगाचे कुर्ते घालून टेम्पोतून उतरतात, ‘आओ आओ, नाटक देखो’ करून गर्दी जमवतात, पंधरा मिनिटांत डेंग्यू संपवतात, बॅनरसकट जिओटॅग फोटो काढतात आणि पुढच्या चौकात जातात. मुलांचा दोष नाही. त्यातली काही फार गुणी असतात आणि एकांकिका स्पर्धांत बक्षिसं मिळवतात. पण या पद्धतीत प्रेक्षकाने काय म्हटलं हे लिहायला बिलावर जागाच नाही.

फोरमची पद्धत इथे काय करू शकते ते पाहू. समजा, नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या गरोदर सुनेला ताप आहे आणि सासू म्हणते, उद्या बघू. नाटक वाईट शेवटावर थांबतं. पुन्हा सुरू झाल्यावर प्रेक्षकांतली बाई सुनेच्या जागी येते आणि भांडते. सासू हलत नाही. दुसरी सासूच्या जागी येते आणि म्हणते, नेते की, पण दवाखाना सकाळचाच असतो, मी वालीवच्या गाळ्यात पॅकिंगला जाते, खाडा झाला तर पैसे कापतात. इथे नाटकाचा विषय बदलला. अज्ञानी सासूची गोष्ट दवाखान्याच्या वेळेची आणि मजुरीची झाली. ज्या कार्यक्रमाला हा बदल चालत नाही, त्याने फोरमच्या नादी लागू नये.

या पुस्तकात लेख आहेत, प्रयोगांच्या टिपणवह्या आहेत, काही संहिता आणि गाणी आहेत. लिहिणाऱ्यांत आशाताई, अंगणवाडी सेविका, परिचारिका, शाहीर, कीर्तनकार, नाट्यप्रशिक्षक आणि दोन-तीन डॉक्टर आहेत. संपादनात दोन आग्रह धरले. ‘जनजागृती झाली’ हे वाक्य ज्या लेखात आलं, तिथे लेखकाला विचारलं: मग काय झालं? पुढच्या महिन्यात कोण पुन्हा आलं, कुणी गाण्यात ओळ घातली, कुणी उठून गेलं? उत्तर मिळालं तिथे लेख वाढला, नाही मिळालं तिथे वाक्य गळलं. दुसरा आग्रह बोलीचा. कादोडी, वारली, आगरी, नालासोपाऱ्याची हिंदीमिश्रित मराठी, ज्यात संहिता घडली त्यातच छापली आहे. प्रमाण मराठीत ‘सुधारलेली’ नाही. वाचायला थोडं अडेल, मोठ्याने वाचलं तर कमी अडेल.

लेखांचा क्रम कालानुसार किंवा आजारांनुसार लावलेला नाही. किनाऱ्यापासून डोंगराकडे जावं तसा आहे, म्हणून क्षयरोगाचा एक लेख कोळीवाड्यात भेटेल आणि दुसरा वीटभट्टीवर. दोन्ही एकापाठोपाठ वाचले तर त्याच औषधाचा कोर्स एकीकडे का पुरा होतो आणि दुसरीकडे का सुटतो हे आपोआप दिसेल. घाईत असलेल्या कार्यकर्त्याने थेट संहितांकडे वळायला हरकत नाही. त्या प्रयोगासाठीच दिल्या आहेत, परवानगी मागायची गरज नाही. फक्त आपल्या वस्तीची बोली घाला, पात्रांची नावं बदला, आणि शेवट आधीच ठरवून नेऊ नका. प्रत्येक संहितेनंतर त्यासाठी कोरं पान सोडलं आहे.